एकट्यालाच मिळालेला परवाना

आमच्याकडे आलेल्या माणसाने कॉफीला नाही म्हटलं, तर ती साधी गोष्ट नसते. पोट बिघडलेलं असेना का, डॉक्टरने बंद केलेली असेना का, माणूस निदान ओठ तरी लावतो. म्हणून शेजारची सुहैला झातर मसाल्याची वाटी परत करायला आली आणि मी पुढे केलेल्या कपाकडे बघून “आत्ताच पिऊन आले गं, नझमिया” म्हणाली, तेव्हा मी कप तसाच हातात धरून राहिले. सुहैला! चार घरी चार कप पिऊन पाचव्या घरी वेलदोडा कमी पडलाय म्हणून सांगणारी बाई ती!

तिने उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. नजर मात्र माझ्या खांद्यावरून आत. ऐहम कुठे बसलाय, हातात फोन आहे का, कुणाशी बोलतोय, सगळं बघून घेतलं आणि गेली.

ऐहम माझा भाचा, आणि मैसून भाची. धाकटा भाऊ आणि भावजय गेल्यापासून दोघंही माझ्याच पदरात वाढली. मी लग्न केलं नाही. मला झेपेल असा नवरा अल्लाने घडवलाच नाही, असं गाव म्हणतं. म्हणू दे. गावाच्या तोंडाला कोण झाकण घालणार?

झालं होतं ते असं. लढाई पेटली तेव्हा भिंतीपलीकडे त्यांच्या देशात, आम्ही नुसतं ‘आत’ म्हणतो तिकडे, कामाला जाणाऱ्या आमच्या बैत सुवैद गावच्या सगळ्या पुरुषांचे परवाने एका फटक्यात रद्द झाले. गवंडी, रंगारी, हॉटेलात भांडी घासणारे, सगळे घरी. ऐहम पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता, तोही घरी. पुढे शस्त्रसंधी झाली. टीव्हीवर समुद्रापलीकडचे देश एकामागून एक आमच्या राज्याला मान्यता द्यायला लागले. ऐहम ओरडून सांगायचा, “आत्या, आणखी एक देश!” मी म्हणायची, “त्यांना म्हणावं, आधी आमच्या वेशीवरचं लोखंडी फाटक उघडून दाखवा. नाब्लुसला जाऊन दोन किलो साखर आणू द्या, मग राज्याचं बघू.”

आणि एके दिवशी सकाळी त्याचा फोन वाजला. परवाना मंजूर. अख्ख्या गावात एकट्यालाच.

त्या खुळ्याने काय करावं? आनंदाच्या भरात न्हाव्याच्या दुकानात जाऊन सगळ्यांना दाखवला! मला नंतर सांगायला आला, तेव्हा चेहरा उतरलेला. “आत्या, मी दाखवला आणि सगळे गप्पच झाले गं. न्हाव्याने अर्धी दाढी तशीच ठेवून रेडिओ मोठा केला.”

“मग काय, पेढे वाटतील? तुला कुणी सांगितलं होतं मिरवायला?”

“मिरवलं नाही. वाटलं, मला मिळाला म्हणजे आता सगळ्यांना मिळतील.”

गावाच्या मनात काय आलं, ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिकडून फुकट काही मिळत नाही. परवाना हवा, आजारी आईला इस्पितळात न्यायचंय, भाऊ तुरुंगातून सुटायला हवा, काहीही मागा. पलीकडचा अधिकारी गोड आवाजात सांगतो, देऊ की, फक्त मधूनमधून आमच्याशी गप्पा मारत जा. कोण कुठे झोपतं, कोण कुणाकडे येतं. एकदा का माणसावर हा शिक्का बसला की त्याच्या प्रेताला खांदा द्यायलाही कुणी येत नाही.

मी विचारलं त्याला. समोर बसवून विचारलं.

“मालकाने अर्ज केला असेल आत्या. ती जुनी भट्टी दुसऱ्या कुणाला जमत नाही.”

“इतरांच्या मालकांनी अर्ज केले नाहीत?”

“केलेत की.”

“मग तुलाच का?”

“मला काय माहीत! त्यांना विचार!”

निर्दोष माणसाकडे असल्या प्रश्नाला उत्तर नसतंच, हे मला कळत होतं. तरी वाटत होतं, मेल्या, काहीतरी पटण्यासारखं सांग ना! खोटं का असेना. मी त्या रागात पीठ इतकं तिंबलं की रोट्या चामड्यासारख्या झाल्या.

दोनच दिवसांत माझा थोरला भाऊ तैसीर आला. तैसीर आमच्या घराण्यातला वडील. गावात भांडण झालं की मिटवायला यालाच बोलावतात, आणि त्याचं डोकं त्यामुळे जरा वरच असतं. त्याने ऐहमला समोर उभं केलं.

“फाडून टाक तो परवाना. अंगणात, चारचौघांसमोर.”

“काय फाडू काका? कागद नाहीच. फोनमध्ये असतो.”

तैसीरने फोन हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. त्याच्या वेळचे परवाने कागदाचे, शिक्क्याचे. “मग त्यातून काढून टाक.”

ऐहमने काढून टाकला. तैसीरबरोबर आलेला त्याचा जावई फिस्सकन हसला. “मामा, उद्या बटण दाबलं की परत येतो तो.” त्यावर तैसीर म्हणाला, मग फोनच फोडू. मी म्हटलं, “फोड. आणि नवा तू घेऊन दे.” तेव्हा त्याने फोन खाली ठेवला.

ऐहम बाहेर गेल्यावर तैसीर मुद्द्यावर आला. त्या शुक्रवारी मैसूनला मागणी घालायला औदा घराण्याची मंडळी येणार होती. मुलगा रायिद, शिक्षक, सरळ. मैसून त्याच्यावर जीव टाकून होती. न सांगता कळतं ते. आमच्यात मागणीला येतात तेव्हा समोर ठेवलेला कप त्यांचा म्होरक्या लगेच उचलत नाही. आधी मागणी घालतो. घरचा वडील म्हणतो, “कॉफी प्या, मागाल ते दिलं,” मग तो पितो आणि लग्न ठरतं. तो कप न पिता उठला, तर त्या मुलीच्या दारात पुन्हा कुणी येत नाही.

“रायिदचे काका, अबू झुहैर, यांचा निरोप आहे,” तैसीर म्हणाला. “येऊ म्हणतात. पण ऐहमची गोष्ट साफ झाली नाही, तर कप तसाच ठेवून उठतील. खबऱ्याच्या घरची मुलगी नको म्हणतात.”

“जीभ झडेल त्यांची! आणि साफ कशी करायची? माणसाने आपण काही केलं नाही, हे दाखवायचं कसं?”

“आहे एक मार्ग.” तैसीरने आवाज खाली आणला, माझ्याच घरात. “आपल्या शाळेच्या मास्तरांचा मुलगा मुंतसर. विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीपासून सैन्य त्याला शोधतंय. तो केव्हाच गावाबाहेर पोचलाय. ऐहमला मात्र सांगायचं, की तो वरच्या माळावरच्या दगडी खोपट्यात लपलाय. दुसऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगायची नाही. शुक्रवारपर्यंत त्या खोपट्यावर सैन्याची जीप गेली, तर कुणी सांगितलं ते कळलं. नाही गेली, तर अबू झुहैर सगळ्यांसमोर कप रिकामा करतील. तसा शब्द घेतलाय मी.”

“विषाची परीक्षा घ्यायला निघालास तू.”

“आणि सांगायचं तू. माझ्याकडून त्याला संशय येईल. तुझ्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो.”

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याची बायको, त्याची पागोटी, त्याचं लहानपणी अंथरूण ओलं करणं, सगळं काढलं. तो ऐकत बसला. मग म्हणाला, “इतकी खात्री आहे तुला पोराची, तर घाबरतेस कशाला?”

इथेच मी फसले. माझा ताठा त्याला ठाऊक. मी म्हटलं, “ठीक आहे! सांगते! आणि एकही जीप गेली नाही, की तुझ्या त्या अबू झुहैरला याच अंगणात एक नाही, तीन कप पाजीन. सुहैलाला पाच!”

दुसऱ्या दिवशी मी भरायला कूसा, ते लांबट कोवळे भोपळे, पोखरत बसले होते, ऐहम लसूण सोलत होता. मी दाराकडे बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं. कुणाला बोलू नकोस म्हटलं. त्याचे हात थांबले.

“मुंतसर? खोपट्यात? कधीपासून?”

“मला काय ठाऊक. कानावर आलं.”

त्याने हातातली पाकळी सोलून टाकली. मग म्हणाला, “वर जायची वाट अजून पडक्या हौदाकडूनच आहे का? की माळ बळकावणाऱ्या वसाहतवाल्यांनी तिकडे कुंपण घातलं?”

माझ्या हातातलं पोखरणं कूशातून आरपार गेलं. वाट कशाला हवी याला?

“आणि एकटाच आहे का तो?” त्याने पुढे विचारलं.

“तुला काय करायचंय रे नसत्या चौकशा?”

“काही नाही. सहज.”

सहज! मरो तो सहज. त्या क्षणापासून मी माझ्याच घरात चोरपावलांनी वावरायला लागले. तो गच्चीवर फोन घेऊन गेला की मी कपडे वाळत घालायला वर. तो बोलायचा थांबायचा. न्हाणीघरात पाणी सोडून बोलत होता एकदा. मी दाराला कान लावला तर पाण्याशिवाय काही ऐकू येईना. “कुणाचा फोन होता?” “मित्राचा.” “कुठल्या?” “आत्या, काय झालंय तुला?” त्याने असं बघितलं माझ्याकडे, की मला माझीच लाज वाटली. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा कान लावलाच.

गुरुवारी दुपारी जीप आली. वेशीच्या फाटकातून आत, शाळेवरून, माळाच्या रस्त्याला. मी खिडकीत होते. जीप वळणावर थांबली. मनात पहिलं काय आलं सांगू? सांगितलंस ना शेवटी, मेल्या! सांगितलंस! ज्याला मांडीवर घेऊन ताप उतरेपर्यंत बसले, त्याच्याबद्दल. जीपमधला एकजण खाली उतरला, भिंतीपाशी लघवी केली, परत चढला, आणि जीप आली तशी निघून गेली.

मी खिडकीतच बसून रडले. ऐहम बाजूने गेला, म्हणाला, “कांदा का गं?” मी म्हटलं, “हो.”

शुक्रवार उजाडला. खोपट्यावर कुणी गेलं नव्हतं. नमाजानंतर तैसीर दारातूनच बोटांनी खूण करत आला: झालं, साफ. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. मी सगळं अंगण धुतलं, खुर्च्या मांडल्या, कॉफीत वेलदोडा इतका टाकला की वरच्या आळीत वास गेला पाहिजे. सुहैला न बोलावता आली आणि ट्रे पुसायला लागली. मी तिला म्हटलं, “कॉफी पिऊन आलीस का आत्ताच?” ती म्हणाली, “तुझी जीभ कापून घेवो अल्ला, नझमिया,” आणि हसली.

मंडळी आली. अबू झुहैर मध्ये बसले, उंच, पांढरी मिशी, समोर कप. त्यांनी घराण्याची स्तुती केली, आमच्या मेलेल्या भावाला दुवा दिली, मैसूनला मागितलं. तैसीर म्हणाला, “कॉफी प्या हाजी, मागाल ते दिलं.” अबू झुहैर यांनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. बायकांच्या ललकाऱ्या सुटल्या, मैसून दाराआड रडायला लागली. मी तिकडून मोठ्यांदा म्हटलं, “हाजी, आणखी दोन प्यायच्यात तुम्हाला!” लोक हसले.

मग अबू झुहैर इकडेतिकडे बघून म्हणाले, “मुलीचा भाऊ कुठाय? दुसरा त्याच्या हातचा पितो.”

ऐहम नव्हता. मघाशी बर्फ आणायला जातो म्हणाला होता. कुणीतरी म्हणालं, बर्फ काय डोंगरावरून आणतोय का! पुन्हा हसले. मी आत गेले, मैसूनला विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, “मला म्हणाला, कप रिकामे व्हायच्या आत येतो, कुणाला सांगू नकोस. आत्या, सकाळच्या सगळ्या रोट्या घेऊन गेला. बाबांचा लोकरीचा झगा पण. त्याला विचारलं तर म्हणे, वर रात्री फार गारठा असतो.”

मी चुलीचा कठडा धरला. वाट कुठून आहे, एकटाच आहे का तो. भाकरी पोचवायची म्हणून विचारलं होतं पोराने! सगळं गाव अंगणात, सगळ्यांच्या नजरा आमच्या दारावर, माळाकडे कोण बघतंय, म्हणून त्याने ही वेळ निवडली.

मी अनवाणीच बाहेर आले. तैसीरला दंडाला धरून भिंतीकडे ओढलं, “अरे, तो वर गेलाय! भाकरी घेऊन गेलाय!” त्याला आधी समजेना. समजलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. आम्ही कुणाला पाठवणार तोच शेळ्या चारणारी वतफा म्हातारी धापा टाकत अंगणाच्या दारातून आत आली.

“ऐहमला धरलं,” ती म्हणाली. “खोपट्याच्या दारात. आधी वसाहतीतले बंदूकवाले, मग त्यांनी सैन्याला बोलावलं. गाठोडं सोडून सगळं जमिनीवर पसरलं. भाकऱ्या, पनीर, झगा, तापाच्या गोळ्या. विचारत होते, कुणासाठी आणलंस? तो म्हणे, मला भूक लागते. मारत होते आणि विचारत होते. तो आपला एकच, मला भूक लागते.”

मग अबू झुहैर उठले, डोळ्यांत पाणी, छातीवर हात. “या घराची सोयरीक मिळाली, हा आमचा मान,” म्हणाले. मला वाटलं, यांची ती पांढरी मिशी उपटून हातात द्यावी.

त्या दिवसापासून आमच्याकडे माणसांची रीघ. न्हावी आला, त्याची सगळी गिऱ्हाइकं आली. “कसला वाघ निघाला!” कप धुऊन धुऊन मैसूनचे हात सोलले. खरं काय ते फक्त तैसीरला, अबू झुहैर यांना आणि मला ठाऊक. वकील म्हणाला, भेटायला मनाई आहे, चौकशी चालू आहे, किती दिवस ते सांगता येत नाही. मी तैसीरला म्हटलं, “जा, सांग त्यांना, खोपटं रिकामं होतं, आम्ही बनवलेली गोष्ट होती. पोरगं तिथे नसलेल्या माणसाला वाचवायला मार खातंय रे!”

“कोण विश्वास ठेवेल?” तैसीर म्हणाला. “आणि ऐहमला कळेल, की आपण त्याला पारखलं.”

“कळू दे! मला शिव्या घालू दे, थुंकू दे तोंडावर. पण घरी येऊ दे.”

तैसीर गेला नाही. मीच जाणार होते वेशीच्या फाटकावर, सैन्याकडे, तेवढ्यात सकाळी फोन आला. नंबर नव्हता. बोलणारा इतकं स्वच्छ आमच्यासारखं बोलत होता, की मला वाटलं कुणी नातेवाईकच.

“हाजिया नझमिया, मी कॅप्टन सामी. गुडघा कसाय? डावाच ना?”

माझा गुडघा याला कुणी सांगितला?

“तुमचा भाचा फार हट्टी आहे,” तो म्हणाला. “एक नाव सांगितलं की घरी जाईल. तुम्ही समजवा.”

“नावच नाही,” मी म्हटलं. “तिथे कुणीच नव्हतं. आम्ही त्याला खोटं सांगितलं होतं.”

“का?”

“तुम्ही त्याला परवाना दिलात म्हणून.”

तो खरंच हसला, मनापासून. “परवाना? तो कॉम्प्युटर देतो हो, हाजिया. कुणाचा निघेल मलाही ठाऊक नसतं.” खरं की खोटं, अल्ला जाणे. “बरं, असं म्हणता? मग त्याला तुम्हीच सांगा. आमचं तो ऐकत नाही.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ऐहमचा श्वास, नाक चोंदल्यासारखा.

“आत्या? कुठे आहेस तू? तुला कुठे नेलंय त्यांनी?”

“कुठे नाही रे राजा, घरी आहे. ऐक माझं. तिथे कुणी नव्हतंच. खोपटं रिकामं होतं. मी खोटं बोलले तुझ्याशी. परवान्यावरून लोक बोलत होते, म्हणून तुझी परीक्षा घेतली आम्ही. तुझ्या बापाच्या कबरीची शपथ, तिथे कुणी नव्हतं! तसं सांग त्यांना आणि सुटून ये.”

मग तो बोलला, हळू, मला धीर देत.

“रडू नकोस, आत्या. तुझ्यासमोर कोण बसलंय आणि काय बोलायला लावलंय, ते कळतंय मला. मी एकटाच जेवायला गेलो होतो, तेवढंच खरं. आणि त्यांना म्हणावं, दुसरं काहीतरी रचा. तू माझी परीक्षा घेशील? तू?”

मी ओरडत होते, हो, मीच, मीच रे, पण फोन त्याच्याकडून काढून घेतला होता.